सामाईक नोंदी : शून्य

लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबली, दार सरकले, आणि मी उतरले नाही. हातात समितीचा अहवाल होता. कुरिअरवाला खाली पहारेकऱ्याकडे ठेवून गेलेला, पिवळ्या पाकिटातला, अठ्ठेचाळीस पानांचा. अहवाल मी निष्कर्षापासून वाचते. तीस वर्षांच्या वाचनाने एवढे एक शहाणपण दिले आहे की माणसे प्रस्तावनेत नम्र असतात आणि निष्कर्षात खरी. छत्तिसाव्या पानावर तीन ओळींचा तक्ता होता. वहीतील नोंदी चारशे बारा. तपासलेली पाकिटे चारशे नऊ. सामाईक नोंदी शून्य. दार मिटले. वरून कोणीतरी बोलावले असावे, कारण लिफ्ट पुन्हा चढू लागली. अकराव्या मजल्यावर कुत्र्याची साखळी मनगटाला गुंडाळलेली एक तरुण बाई आत आली आणि म्हणाली, "काकू, खालीच ना?" मी मान हलवली. सातपासून अकरापर्यंत, चार मजले, फार तर बारा सेकंद, माझा त्या शून्यावर विश्वास बसला होता. हे आधीच नोंदवून ठेवते. पुढे जे घडले त्यात मी जिंकले आहे, आणि जिंकलेल्या माणसाच्या साक्षीतून असली सेकंदे हमखास गळून जातात.

त्या शून्याचा अर्थ काय होता ते सांगायला हवे. मुळशी तालुक्यातल्या माले गावच्या गंगूबाई आणि आसपासच्या वाड्यांवरच्या आणखी सहा जणी गेली अकरा वर्षे भाताची जुनी बियाणी गोळा करत होत्या. प्रत्येक बियाण्याचे एक पाकीट, पाकिटात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एक क्रमांक. आणि वहीत त्याच क्रमांकापुढे भाताचे नाव, कोणाच्या शेतातले, कोणी दिले, दाणा कसा, पेंढा कसा. मी तर्कशास्त्र शिकवणारी बाई. माणसे वस्तूंचे वर्ग कसे पाडतात हा माझा विषय, आणि या सात जणी भाताचे जे वर्ग पाडत ते मला माहीत असलेल्या कोणत्याही वर्गीकरणाहून काटेकोर होते, म्हणून मी त्यांच्यामागे हिंडत राहिले. त्यांच्यापैकी एक वाण, पाणसोसी नावाचा, पाण्यात आठवडाभर बुडून राहिला तरी न कुजणारा, आता त्यांच्या नावावर नोंदवला जायचा होता. वाण कोणाचा हे ठरवायला पुरावा लागतो. पुरावा होता तो वही आणि संशोधन केंद्राच्या शीतगृहात ठेवायला दिलेली पाकिटे यांच्या जुळणीचा, आणि ती जुळणी तपासायला समिती नेमली होती. वही त्या पाकिटांची नाही असे ठरले, की पाणसोसी कोणाचाच नव्हता. आणि जे कोणाचेच नसते ते आपल्या देशात संस्थेचे होते. अहवालाच्या सदतिसाव्या पानावर तेच, जरा बऱ्या भाषेत, सुचवले होते. शिवाय संग्राहक महिलांनी वही "मागाहून रचली असण्याची शक्यता नाकारता येत नाही" असे एक वाक्य होते. नाकारता येत नाही. या शब्दप्रयोगाने आजवर जितक्या माणसांना मारले आहे तितकी तलवारीने मारली नसतील, आणि तलवार निदान हातात धरावी लागते.

मी घरी आले, दार लावले, चहा ठेवला आणि तो उकळून आटेपर्यंत उभी राहिले. डोळ्यांपुढे गंगूमावशीचे ओटीवरचे बसणे येत होते. माझी आई आणि ती एकाच वाडीच्या लेकी. आई उरवड्याला दिली, ती माल्याला. चाळिशीत ती लिहायला शिकली, विहारात चालणाऱ्या साक्षरतेच्या वर्गात, आणि तो वर्ग माझी आई घेत असे, स्वतः सातवी नापास. त्या वर्गात फळा नव्हता. विहाराच्या मागच्या भिंतीला काळा रंग दिला होता आणि तो दर पावसाळ्यात पोपडे धरत असे. गंगूमावशीचे आकडे अजून त्या भिंतीचे आहेत: पाच पोटाशी जाडा, नऊचा पाय लांब. अकरा वर्षे तिने त्या आकड्यांनी पाकिटांना क्रमांक दिले. बॉलपेन दुपारच्या उन्हात ठेवून गरम करायची, मग लिहायची. गार पेन अडखळतं म्हणायची. अशा बाईने वही "मागाहून रचली". आणि मी, जी त्या ओटीवर शेकडो दुपारी बसले होते, मी चार मजले तसे मानले. का मानले? कारण शून्य यंत्रातून आले होते. तर्कशास्त्राच्या प्राध्यापिकेला आकड्यापुढे वाकायला बारा सेकंदही पुरतात, आणि तेही आकडा कसा निघाला हे न विचारता. माझ्या रागाची ती पहिली दिशा होती, स्वतःकडे. तो तिथे फार वेळ ठेवणे मला परवडणारे नव्हते.

समितीचे अध्यक्ष डॉ. जनार्दन. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्या टेबलावर एक जाड ग्रंथ कायम उघडा असतो. अकरा वर्षांत त्याचे पान उलटलेले मी पाहिलेले नाही. ते सभ्य आहेत. माझ्या कामाला त्यांनी नेहमी "भावनिकदृष्ट्या समृद्ध" म्हटले, जसे कोणी पाहुणीच्या हातच्या फसलेल्या लाडवांना पौष्टिक म्हणावे. अहवालाच्या बाराव्या पानावर त्यांनी स्वतः एक टिप्पणी जोडली होती: मूळ वही प्रादेशिक अंकांत असल्याने यंत्रवाचनास स्वभावतः अयोग्य. स्वभावतः. हा शब्द माझ्या दातांत अडकला तो पुढचे तीन दिवस निघाला नाही. पण त्याच शब्दाने मला पुढे नेले, कारण स्वभावाबद्दल बोलणारा माणूस बहुधा कृतीबद्दल काही लपवत असतो, निदान न पाहता सोडत असतो. मी परिशिष्टांकडे वळले. परिशिष्टे कोणी वाचत नाही. लिहिणाराही ती वाचली जाऊ नयेत अशाच बेताने लिहितो. मी आयुष्यभर तळटिपा वाचून पोट भरले आहे. परिशिष्ट ड, पान त्रेचाळीस: अकरा ओळींचा पायथॉनमधला प्रोग्राम, ज्याने ते शून्य काढले होते.

पायथॉन मी एकोणपन्नासाव्या वर्षी शिकले. बायका तांदळाला कोणती विशेषणे किती वेळा लावतात हे हाताने मोजून थकले म्हणून. पहिल्या दिवशी यंत्राने माझे वय विचारले, मी टाइप केले, आणि त्यात एक मिळव म्हटल्यावर त्याने साफ नकार दिला. मला अपमान वाटला होता. नंतर कळले की कीबोर्डवरून जे येते ते सगळे त्याच्या लेखी मजकूर असते. मी लिहिलेला एकोणपन्नास म्हणजे दोन अक्षरे शेजारी उभी, संख्या नव्हे. तिला संख्या करायची तर तसे सांगावे लागते, त्यासाठी इंट नावाचे एक फंक्शन आहे, त्याच्या कंसांतून मजकूर आत जातो आणि संख्या बाहेर येते. मला हा शिष्टाचार आवडला. माणसांत तो नाही. माणसे ऐकलेल्या शब्दाला परस्पर संख्या समजतात आणि पुढचा हिशेब करून मोकळी होतात. संचांच्या बाबतीत तर हा नियम निर्दय होतो. संचाला फक्त एक प्रश्न कळतो, हा घटक माझ्यात आहे की नाही. अवतरणचिन्हांतला सात आणि उघडा सात त्याच्या लेखी दोन परके आहेत. एका संचात सगळे अवतरणांतले, दुसऱ्यात सगळे उघडे, अशा दोन संचांचा छेद घ्या. बाहेर काही माणसे असतील ती सगळी शपथेवर सांगोत की ही एकच यादी आहे, यंत्र रिक्त संच दाखवील. आणि दाखवील तेही शांतपणे. चूक झाली असे म्हणणार नाही, कारण त्याच्या बाजूने चूक झालेलीच नसते. रिक्त संच लिहायची त्याची रीतही विलक्षण आहे: नुसते रिकामे महिरपी कंस दुसऱ्याच एका प्रकाराने आधीच अडवलेले, म्हणून बिचाऱ्याला सेट असा शब्द लिहून पुढे दोन गोल कंस काढावे लागतात, ज्यांच्यामध्ये काही नसते. काहीच नाही हे सांगण्यासाठीही नाव लागते, एवढे तत्त्वज्ञान मी वर्गात अनेक वर्षे शिकवले. ते मला कोणी असे छापून दाखवले नव्हते. वर्गात आणखी एक वाक्य मी सांगत असे, आणि मुले ते परीक्षेपुरते पाठ करत: रिक्त संच हा प्रत्येक संचाचा उपसंच असतो. म्हणजे समितीने गंगूमावशीबद्दल जे सिद्ध केले होते, ते याच रीतीने कोणाहीबद्दल सिद्ध करता आले असते. माझ्याबद्दल, जनार्दन सरांबद्दल, त्या न उलटलेल्या ग्रंथाबद्दलही.

अकरापैकी सातव्या ओळीत पाकिटांचे क्रमांक इंटमधून काढून संच केला होता. आठवी ओळ, जी वहीच्या क्रमांकांना तसेच करणार होती, तिच्या तोंडाशी एक जाळीचे चिन्ह होते. ते चिन्ह लावले की यंत्र ती ओळ वाचत नाही. ती फक्त माणसांसाठी उरते. आणि तिच्या शेवटी, माणसांसाठीच, इंग्रजी लिपीत मराठी लिहिले होते: पहिल्या नोंदीवर अडतंय, नंतर बघू. नवव्या ओळीत वहीचा संच मजकुराचाच ठेवला होता. मी ते पान उन्हात धरून दोनदा वाचले. अकरा वर्षे, सात बाया, चारशे बारा वाण, आणि नंतर बघू. मग मी लॅपटॉप उघडला. खरे तर मला भीती होती ती दुसरीच: उद्या मी ती ओळ चालू करा म्हणेन आणि यंत्र आपले देवनागरी आकडे बघून म्हणेल, हे काय. जनार्दन सरांचा "स्वभावतः" तिथे दबा धरून बसला होता. दहा आकड्यांचा तक्ता करावा लागेल, या आकड्याबदली तो, अशी मनात तयारी करत मी अवतरणचिन्हांत ४१२ लिहिले, आपल्या लिपीत, नऊचा पाय लांब काढायची सोय नसलेल्या टंकात, आणि इंटच्या कंसांत दिले. खाली उत्तर आले. चारशे बारा, संख्या. मी त्यात एक मिळवायला सांगितला, चारशे तेरा. आधी शून्य लावून दिला, मागे-पुढे मोकळी जागा ठेवून दिला, त्याने निमूट घेतला. यंत्राला आमच्या आकड्यांबद्दल कधीच काही हरकत नव्हती. कोणीतरी, कुठेतरी, जगातल्या सगळ्या लिप्यांचे अंक त्याला मुळातच शिकवून ठेवले होते; स्वभावतः. स्वयंपाकघरात आटलेल्या चहाचा वास होता आणि मी हसत होते, आणि ते हसणे चांगले नव्हते.

प्रोग्रामखाली नाव होते, सायली, विश्लेषक. कार्यालयातून क्रमांक मिळाला. मी तिला फाडून खाण्याच्या तयारीने फोन लावला.

"मी गौतमी. परिशिष्ट ड तुम्ही लिहिलंत."

"मॅडम, तुम्ही ते वाचलंत?" आवाजात भीतीपेक्षा नवल अधिक होते.

"आठवी ओळ बंद का केलीत?"

"एरर यायचा. वहीचा कॉलम नंबर करायला गेलं की पहिल्याच नोंदीवर व्हॅल्यू एरर. तिथे आकडाच नव्हता ना. 'लाभ' असं लिहिलं होतं. मला आधी वाटलं हेडिंग आहे, लाभार्थी वगैरे. सगळ्या शीटमध्ये असतंच."

"मग काढून टाकायचं."

"काढणार होते. सर म्हणाले, चौकशी आहे, मूळ डेटाला हात लावायचा नाही. मग म्हटलं टेक्स्ट तर टेक्स्ट. पाकिटांचे नंबर नीट झाले होते, ते राहू दिले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट द्यायचा होता."

"आणि शून्य आलं."

"मी बोलले सरांना. म्हटलं, सर, एकसुद्धा मॅच नाही म्हणजे माझंच काहीतरी गंडलंय. दोन माणसांनी डोळे मिटून आकडे टाकले तरी चार-दोन जुळतील. तर म्हणाले, शून्य म्हणजे एकदम क्लीन रिझल्ट."

माझा राग त्या क्षणी तिच्यावरून उठला आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला. तिथे त्याला नीट टेकता आले.

"तुम्ही कुठल्या?"

"कासारसाईची."

"घरचं भात होतं?"

"आजी होती तोवर होतं. आता प्लॉट पाडलेत."

"आजी खळ्यावर भात मोजताना पहिल्या पायलीला काय म्हणायची?"

पलीकडे कोणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "लाभ," ती म्हणाली. "लाभ, दोन, तीन. मॅडम, मी रोज ऐकायचे हे. मी तिच्या मांडीवर बसून ऐकायचे."

मीही ऐकलेले होते, पण मांडीवर बसून नव्हे. आई दुसऱ्याच्या खळ्यावर मजुरीने जाई आणि मी रास ओढायला. दाणा पायलीत भरायचा, तळहाताने सपाट करायचा, पोत्यात ओतायचा आणि मोजणाऱ्याने मोठ्याने आकडा म्हणायचा. पहिल्या मापाला एक म्हणायचे नाही. एकटा आकडा राशीला लागतो, रास एकावरच थांबते, अशी समजूत. म्हणून मोजणी लाभापासून सुरू होते आणि मग दोनवर येते. सहा वर्षांच्या मला शाळेतले नवे नवे पाढे येत होते आणि मी मोठ्या ऐटीत एक म्हणाले. खळ्याच्या मालकिणीने पाठीत धपाटा घातला आणि माप परत राशीत ओतून घेतले. संध्याकाळी घरी येताना आई एवढेच म्हणाली, आपल्या खळ्यावर तू एक म्हण. आम्हाला खळे नव्हते. मला त्या धपाट्याचा राग इतकी वर्षे होता, आणि गंगूमावशीने वहीच्या पहिल्या ओळीत लाभ लिहिलेले पाहूनही, टाइप करतानाही, माझ्या बोटांनी तो शब्द न थबकता लिहिला होता. ती वही मीच टाइप केली होती. मला त्यात विशेष काही दिसले नाही, कारण माझ्यासाठी तो शब्दही नव्हता. तो क्रमांक होता. म्हणजे त्या शून्यात माझाही हात होता. एका बाजूला इतकी ओळख की दिसलेच नाही, दुसऱ्या बाजूला इतकी सोवळी निष्पक्षता की विचारलेच नाही.

अहवालावरची सुनावणी मंगळवारी सकाळी अकराला होती, पौड रस्त्यावरच्या संशोधन केंद्रात. मी गंगूमावशीला घ्यायला माल्याला गेले. ती तयार होऊन बसली होती, निळे लुगडे, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत मूळ वही. गाडी वळणांवरून उतरत असताना तिने बाहेर बघत विचारले.

"पोरी, त्यांनी लिवलंय काय नेमकं?"

"म्हणतात, वहीचा आणि पाकिटांचा एकमेकांशी संबंध नाही."

"मग कुनाशी हाय?"

पुढच्या वळणावर ती म्हणाली, "आन् तुला काय वाटलं?"

"मला थोडा वेळ खरं वाटलं होतं."

"किती येळ?"

"लिफ्टचे चार मजले."

ती हसली, तोंडावर पदर न घेता. "मंग लई न्हाई. आमचं मालक मरस्तवर म्हनायचं, ही बया गवताच्या पुड्या बांधतीया." आणि थोड्या वेळाने, "आज चुकलं तर पानसोशी जाईल का गं?" मी हो म्हणाले. तिच्याशी खोटे बोलण्याचा हक्क मी त्या लिफ्टमध्ये घालवला होता. माझ्यापाशी लाभ म्हणजे एक हा नियम होता, पण पाकिटांची यादी कधीच माझ्या हाती आली नव्हती. ती केंद्राच्या शीतगृहाची मालमत्ता. वही खरी आहे हे मला आता कळत होते. केंद्राने चिकटवलेले क्रमांक खरे आहेत की नाहीत हे कोणालाच माहीत नव्हते.

सभागृहात बारा खुर्च्या, एक पडदा. जनार्दन सर, समितीचे दोन सभासद ज्यांनी दिवसभरात एकूण चार शब्द उच्चारले, संगणकापाशी सायली, कार्यवृत्त लिहिणारा एक कारकून, आणि दाराशी केंद्राचा कामगार नाथा, पाकिटांच्या दोन पत्र्याच्या पेट्यांजवळ उकिडवा. सरांनी प्रास्ताविक केले. विज्ञानाला भावना नसतात, ते म्हणाले, आणि माझ्याकडे अशा कणवेने पाहिले की भावना म्हणजे मला झालेला एखादा त्वचारोग असावा. मी एवढेच म्हणाले की परिशिष्ट ड मधली आठवी ओळ चालू करून प्रोग्राम सर्वांसमोर चालवावा. सर सायलीकडे वळले. "कसली ओळ?" त्यांनी परिशिष्ट वाचलेले नव्हते, हे कार्यवृत्तात नोंदवा, असे मी कार्यवृत्त लिहिणाऱ्याला सांगितले, आणि त्याने बावळटासारखे नोंदवले. सायलीने जाळीचे चिन्ह पुसले. पडद्यावर लाल अक्षरांत एरर आला आणि त्याच्या शेवटी, इंग्रजी वाक्याच्या टोकाला, देवनागरीत एकटाच शब्द: लाभ.

"हे पाहा," सर प्रसन्नपणे म्हणाले. "वही यंत्राला वाचताच येत नाही. मी लिहिलंच आहे."

"यंत्राला चारशे अकरा नोंदी वाचता येतात. एक येत नाही. ती काय आहे हे त्याने स्वच्छ विचारलंय, सर. अहवालाने विचारलं नव्हतं." मग मी सायलीला नियम सांगितला: शब्द लाभ असेल तर एक घे, एरवी इंट. तिने मी बोलायच्या आधीच अर्धा लिहिला होता.

"थांबा," सर म्हणाले. "लाभ म्हणजे एक हे तुमचं गृहीतक. मूळ डेटात फेरफार आहे हा. याला ग्रंथाचा आधार आहे का?"

मला आधार देता आले असते. लोकव्यवहारातल्या मोजणीवर माझे दोन निबंध आहेत, सरांनी एकाला पुरस्कारही दिला होता, न वाचता. पण मला त्यांच्या मैदानावर जायचे नव्हते. "पाकीट क्रमांक एक उघडू या," मी म्हणाले. नाथाने पेटीतून ते काढले. बाहेर केंद्राच्या, गोंदाने डकवलेल्या पट्टीवर बारकोड, खाली इंग्रजी अंकात एक. सरांनी स्वतःच्या हाताने पाकीट उघडले. मूठभर तांबूस भात, आत घडी केलेली वहीच्या कागदाची चिठ्ठी. त्यांनी ती चष्म्याजवळ नेली आणि मोठ्याने वाचली नाही. मग खाली ठेवली. दोन सभासदांपैकी एकाने ती उचलून वाचली आणि आपल्या चारपैकी एक शब्द खर्च केला.

"लाभ."

"हा एकचा बारकोड कोणी लावला?" सरांनी विचारले.

"मी," नाथा दारातून म्हणाला.

"कोणाला विचारून?"

"ते काय इचारायचं? लाभ म्हंजी पैलं. आमच्याकडं मेंढरं बी तशीच मोजत्यात." त्याने क्षणभर थांबून सरांकडे पाहिले. "तुमच्याकडं न्हाई व्हय?"

कोणी हसले नाही. मी तर मुळीच नाही. असले क्षण आयुष्यात मोजके येतात आणि ते हसून सांडायचे नसतात. अकरा महिन्यांची चौकशी, सहा बैठका, एक बाह्य सल्लागार, आणि ज्या माणसाला कोणी खुर्ची दिली नव्हती त्याने तो प्रश्न गोंदाची बाटली हातात असताना सोडवून ठेवला होता. पण एकच पाकीट जुळले होते. चारशे आठ उरली होती.

"चालवा," सर म्हणाले, आणि सायलीने बटण दाबले.

पडद्यावर एक ओळ उमटली. सामाईक: चारशे नऊ. तिने कोणी न सांगता पुढच्या दोन आज्ञा दिल्या. पाकिटांत आहे पण वहीत नाही: सेट, आणि दोन रिकामे कंस. वहीत आहे पण पाकिटांत नाही: तीन संख्या, सत्तावन्न, अठ्ठावन्न, दोनशे तीन. मी त्या रिकाम्या कंसांकडे बघत राहिले. तेच चिन्ह, तीच पोकळी, आणि या वेळी तिने असे म्हटले होते की या पेट्यांत गंगूबाईच्या वहीबाहेरचा एक दाणा नाही.

"तीन नोंदी मात्र कमी आहेत," सर म्हणाले. बुडणारा माणूस काडीला धरतो, विद्वान माणूस अपवादाला.

"सत्तावन-अठ्ठावन पेरलं," गंगूमावशी म्हणाली. तिने वही उघडलीही नव्हती. "पिशवीत ठिवून बी म्हातारं व्हतं. आमच्यातल्या राजाबाईच्या खाचरात टाकलं, तितं येंदा उभं हाय. दोनशेतीन उंदरानं खाल्लं. लिवलंय म्या बाजूला."

सभासदाने वही घेतली, पाने उलटली. दोनशेतीनच्या समासात, पोटाशी जाड्या अक्षरांत, उंदीर असे लिहिलेले होते. मी म्हणाले, "सर, जो वही मागाहून रचतो तो उंदीर रचत नाही. तो चारशे बाराला चारशे बारा जुळवतो." हे वाक्य मी शांतपणे म्हणाले आणि त्याचा प्रत्येक शब्द मला गोड लागला. सायलीने पडद्याकडे पाठ करून डोळे पुसले आणि पुन्हा टंकायला बसली, जणू डोळ्यात काही गेले होते.

निष्कर्ष दुरुस्त करायला वीस मिनिटे लागली, कारण सरांना "पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा होता" या वाक्यासाठी पर्याय हवे होते. त्यांनी पाच सुचवले. मी पाचही नाकारले, आणि सहाव्यांदा ते वाक्य तसेच लिहिले गेले. मग वाणाच्या नोंदणीचा अर्ज पुढे आला. पाणसोसी; संवर्धक या शब्दापुढे एक रेघ. सरांनी पेनाचे टोपण काढले आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: श्रीमती गंगूबाई व इतर सहा.

गंगूमावशी टेबलावर वाकून ते वाचत होती. तिला वाचायला वेळ लागतो आणि तो वेळ ती घेते.

"इतर म्हंजी कोन?"

"तुमच्या बरोबरच्या बायका, आजी. रेघेवर जागा कमी असते."

"मागं कोरं हाय की."

सरांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले. सरांनी ते शब्द खोडले, कागद उलटा केला आणि ती सांगेल तसे लिहू लागले. गंगूबाई. राजाबाई. ठकूबाई. चांगुणा. भीमाबाई. हेमलता. सखूबाई. प्रत्येकीचे आडनाव, प्रत्येकीची वाडी. भीमाबाई मागच्या साली वारली, ती म्हणाली, पर तिचं लिवा, एकशेदहा बियाणी तिचीच हायेत. सरांनी लिहिले. हात थकल्यावर एकदा झटकला. शेवटचे नाव झाले तेव्हा त्यांनी टोपण लावायला घेतले.

"वाचा," गंगूमावशी म्हणाली.

"लिहिलंय, आजी, तुम्ही सांगितलं तसंच."

"मला बारीक दिसत न्हाई. वाचा."

त्यांनी वाचायला सुरुवात केली, खाली मान घालून, कार्यालयात टाचण वाचतात तसे. चौथ्या नावापाशी आवाज घसरून मिशीत गेला. सभासद, सायली, दाराशी आता उभा राहिलेला नाथा, सगळे ऐकत होते. गंगूमावशीने टेबलावर बोट टेकवले.

"आयकू न्हाई आलं. पैल्यापास्नं."

जनार्दन सरांनी घसा खाकरला, कागद दोन्ही हातांत धरला, खुर्ची मागे सारली आणि उभे राहून पहिल्या नावापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.